कच्च्या रंगाचा दाखला

रहेमतुल्ला रंगारी रंग देताना बोलत नसे आणि रंग देऊन झाला की गप्प बसत नसे. वडनेर भोलजीपासून तीन कोसांवर त्याचं गाव. तिथल्या झाडून सगळ्या बाप्यांच्या डोक्यावर त्याच्या हातचं पागोटं आणि झाडून सगळ्यांच्या कानात त्याची बढाई. माणूस मरेल, पागोटं सडेल, पण रहेमतुल्लाचा रंग जाणार नाही, असं तो वडनेरच्या बाजारात उभा राहून सांगायचा, आणि कोणी नुसती भुवई वर केली तरी अंगावर धावून जायचा. बरं, बढाई खोटी म्हणावी तर तसंही नाही. उन्हात, घामात, पावसात त्याचं लाल ते लालच राहायचं. हात मात्र कोपरापर्यंत जांभळे. जुम्म्याच्या नमाजाआधी वजू करायला बसला की शेजारचा म्हणायचा, मियाँ, किती घासता, ते काही निघायचं नाही. त्यालाही तो स्तुतीच समजायचा.

त्या काळी वऱ्हाडचा कारभार म्हणजे एक गंमतच होती. कागदावर मालक हैदराबादचा निजाम, राज्य इंग्रजाचं आणि कचेरी नागपूरला. गाऱ्हाणं नेमकं कोणापुढे घालायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून लोक सगळ्यांपुढेच घालत. रहेमतुल्लाचा बाप हिरडा, तुरटी आणि मंजिष्ठ उकळत आला. पोराच्या वेळेपर्यंत डब्यातली जर्मन रंगाची बुकी आली. चिमूटभर टाकली की कढई लालभडक. ही बुकी डांबरापासून काढतात, असं मलकापूरच्या दुकानदारानं सांगितलं तेव्हा रहेमतुल्लानं त्याला वेड्यात काढलं. डांबर काळं, त्याच्या पोटी गुलाबी कसं जन्माला येईल?

रंगारी गल्लीत एक विहीर होती. पाणी मचूळ, पण बारमाही. रहेमतुल्लाच्या घरामागे तीन कढया चुलाण्यावर, आणि त्यांचं उरलेलं पाणी पार पलीकडे नाल्याकडच्या खड्ड्यात. तीस वर्षं कोणाची तक्रार नव्हती. मग झुंबरबाईची शेळी व्याली. दोन करडं झाली, एक पांढरं आणि एक तांबडं. शेळी रोज रंगारी गल्लीच्या विहिरीजवळ गुरांच्या हाळावर पाणी पिते, म्हणून करडू रंगलं, असं झुंबरबाईनं गावभर केलं. कोतवाल उकंडरावाचा बोकड डोक्यापासून शेपटीपर्यंत तांबडा आहे, त्यालाही एकदा विचारा, असं रहेमतुल्ला कळवळून सांगत होता. पण बोकडाची जबानी कोण घेतो?

भगवानराव पाटलाला हे निमित्त आयतंच मिळालं. आदल्या दिवाळीत पाटलानं हौसेनं पिवळं पागोटं रंगवायला टाकलं होतं आणि रहेमतुल्लानं चारचौघांत तोंड वाजवलं होतं की, पाटील, पिवळा तुमाले शोभत नाही, कावीळ झाल्यावानी दिसता. पाटलानं मुकाट्यानं लाल घेतलं, पण शब्द मनात ठेवला. आता त्यानं तालुक्याला अर्ज ठोकला. तालुक्यालाही तेव्हा नेमकं एक परिपत्रक आलेलं होतं, की विलायती रंगांत घातक सेंद्रिय द्रव्यं असतात, तरी विहिरींवर नजर ठेवावी. नजर ठेवायला काही मिळत नव्हतं, तेवढ्यात हा अर्ज. आठ दिवसांत सॅनिटरी इन्स्पेक्टर छत्री घेऊन हजर.

माणूस पुण्याकडचा, बारीक चणीचा, कामाला चोख. त्यानं पाटलाच्या हाती एक काचेची बाटली दिली, काचेचंच बूच, वर चिकटवायची चिठ्ठी. रंगारी गल्लीच्या विहिरीचं पाणी काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा, लाखेची मोहर करा आणि नांदुऱ्याहून रेल्वेनं नागपूरच्या प्रयोगशाळेत धाडा, एवढं सांगून तो देवी टोचायला पुढच्या गावी गेला. जाताना रहेमतुल्लाच्या दारात थांबून त्यानं हेही सांगितलं. पाण्यात रंग निघाला, तर विहीर बंद आणि कढया कायमच्या पालथ्या. रहेमतुल्ला म्हणाला, खुशाल तपासा. इन्स्पेक्टर गेल्यावर मात्र तो घरामागे जाऊन तिन्ही कढया मोजून आला. त्याला दुसरं काही येत नव्हतं. शेत नाही, बैल नाही, आणि जांभळ्या हाताचा मजूर कामावर कोण घेणार?

इकडे चावडीवर बाटली मधोमध ठेवून पंचमंडळी बसली. गावचं पाणी पहिल्यांदाच नागपूरला चाललेलं. एवढा मोठा साहेब ते तोंडाशी धरणार, आणि आपण त्याला रंगारी गल्लीचं मचूळ पाणी पाठवायचं? गावाची काय अब्रू राहील? पाटलानं छातीवर हात ठेवून सांगितलं की पाणी माझ्या विहिरीचं जाईल, गोडं, फडक्यातून गाळून. तक्रार कोणत्या विहिरीची आहे हे त्या घटकेला कोणाच्या डोक्यातच राहिलं नाही. आग्रहाच्या भरात आपण कशासाठी जमलो आहोत हे विसरावं ते वऱ्हाडच्याच माणसानं.

भरता भरता उकंडरावाच्या हातून काचेचं बूच सुटलं आणि विहिरीत गेलं. मग बाटलीचं तोंड उघडं कसं पाठवायचं? पाटलानं आपल्या नव्या लाल पागोट्याच्या टोकाचा शेव टर्रकन फाडला, त्याचा बोळा करून बाटलीत ठासला आणि उरलेल्या लाल चिंधीनं गळा बांधला. व्याह्याच्या घरी पाठवायची वस्तू लाल कापडात बांधतात, मग ही तर सरकारच्या घरी चाललेली. वर लाख, वर चिठ्ठी: रंगारी गल्ली, सार्वजनिक विहीर. कडब्यात आडवी ठेवून बाटली बैलगाडीनं नांदुऱ्याला गेली.

पाच आठवड्यांनी इन्स्पेक्टर आला तो अहवाल घेऊनच. पाण्यात डांबरजन्य सेंद्रिय रंगाचा अंश, पिण्यास अयोग्य. अहवालाला टाचणीनं लोकरीचा एक धागा टोचलेला होता, गुलाबी. इन्स्पेक्टरनं समजावून सांगितलं की हा रंग पाण्यात डोळ्यांना दिसत नाही इतका थोडा असतो. म्हणून पाण्यात जरासं आम्ल टाकून त्यात पांढरी लोकर उकळतात. लोकर सगळा रंग गोळा करते आणि चोर सापडतो. रहेमतुल्लानं धागा हातात घेतला, उजेडाकडे धरला, बोटांत चोळला. तो म्हणाला, रंग बरा बसवला साहेबानं, पण आंबट थोडं जास्ती झालं. आणि मग त्याचा चेहरा उतरला, कारण तो लाल त्याचाच होता. स्वतःच्या लेकराला गर्दीत ओळखावं तसा त्यानं तो ओळखला. पण तो विहिरीत पोचला कसा, हे काही त्याला कळेना.

त्यानं दुसरी बाटली मागितली. इन्स्पेक्टर म्हणाला, एका तक्रारीला एक बाटली, दुसरीला नागपूरची मंजुरी लागते आणि मंजुरीला साल लागतं. आठ दिवसांनी चावडीवर सुनावणी घेतो, तोवर विहिरीवर नोटीस, कढया झाकून ठेवा.

आता खरी तारांबळ उडाली ती पाटलाची. बाटलीतलं पाणी कुठलं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे विष रंगारी गल्लीत नव्हतं, त्याच्या स्वतःच्या विहिरीत होतं, आणि तेच पाणी तो, बायको, सुना, नातवंडं रोज पितात. सांगावं तर सरकारला खोटं पाणी पाठवलं म्हणून पाटीलकी जाते; न सांगावं तर जीव जातो. बिचाऱ्यानं त्याच दिवसापासून घरचं पाणी तोंडाला लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात खळीची वाटी आणि डोक्यावर घागर घेऊन रंगारी गल्लीत आला. नोटीस विहिरीच्या काठावरच्या दगडी थारोळ्यावर डकवली, वरून हात फिरवला, आणि घागर पुढे केली.

"रहेमतभाई, तुह्या विहिरीचं पाणी पिण्यासारखं नाही असं सरकार म्हणते," तो म्हणाला. "दोन घागरी भरू दे."

"कोणासाठी?"

"पाटलासाठी."

रहेमतुल्लाला वाटलं हा सकाळीच पिऊन आला. पण उकंडराव भोळा माणूस, पोटात काही राहत नव्हतं. थारोळ्यावर बसून त्यानं सगळं ओकून टाकलं. पाटलाची विहीर, बुडालेलं बूच, पागोट्याचा शेव. रहेमतुल्ला आधी पोट धरधरून हसला. मग हसता हसता एकदम थांबला. बोळा कोणत्या पागोट्याचा, असं त्यानं विचारलं. उकंडराव म्हणाला, गेल्या दिवाळीचंच की, तूच रंगवलेलं.

म्हणजे विहिरी दोन्ही निर्दोष. रंग बोळ्यातून उतरला होता. रहेमतुल्लाचा रंग साध्या गोड्या पाण्यात उतरला होता.

दिवसभर तो कढयांपाशी गुडघ्यात डोकं घालून बसून राहिला. सुटका तर समोर दिसत होती. पाणी पाटलाच्या विहिरीचं होतं म्हणावं तर सगळे पंच त्यात सामील, साक्ष कोणी दिली नसती; बोळ्याचा पुरावा मात्र पाटलाच्या डोक्यावरच होता. चावडीवर जाऊन एवढंच सांगायचं, की माझा रंग कच्चा आहे, बोळ्यातून उतरला. विहीर सुटेल, कढया सुटतील. पण रंगाऱ्यानं आपल्या तोंडानं रंग कच्चा म्हणायचा, म्हणजे त्या कढयांत मग शिजवायचं काय? आणि नाही म्हणावं तर रंग पक्का, म्हणजे तो विहिरीतूनच आला, म्हणजे कढया पालथ्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बायको सरवरीनं त्याची ही चुळबूळ दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी तिचा ताबा सुटला. ती म्हणाली, "कच्चा म्हना ना एकदाचं. जीभ झडते काय तुमची?" जीभ झडली असती तर बरं, असंच त्याला वाटत होतं.

सुनावणीला सगळं गाव लोटलं, आणि सगळ्या गावाच्या डोक्यावर त्याचंच लाल. रहेमतुल्ला उभा राहिला. हात जोडले. जन्मात कधी अडखळला नव्हता, तो अडखळला.

"साहेब, माहा रंग कच्चा हाये."

चावडी हसून हसून पडायची राहिली. कोणी म्हणे सहा वर्षं झाली, पागोटं उन्हात मळणीला आहे, रंगाचा टिपूस गेला नाही. कोणी म्हणे पुरातून पोहून आलो, मी गारठलो पण पागोटं तसंच. झुंबरबाईनंसुद्धा सांगितलं की लुगड्याला सतरा वेळा धुण्याचा खार लावला, लुगडं विटलं नाही. पाटील तर उभाच राहिला आणि म्हणाला, रहेमतुल्लासारखा पक्का रंग पाच तालुक्यांत नाही, तो आज भिऊन खोटं बोलतो आहे. तीस वर्षं ज्या शब्दांसाठी रहेमतुल्लानं घसा फोडला, ते सगळे शब्द त्याला त्या एका सकाळी मिळाले, आणि प्रत्येक शब्दागणिक त्याची एकेक कढई बुडत होती. त्याही अवस्थेत त्याचे कान सुखावले, हे खोटं का सांगावं?

मग त्यानं बोळ्याचं सांगितलं. पाटील साफ नाही म्हणाला, बूच काचेचंच होतं. रहेमतुल्लानं पाटलाचं पागोटं मागितलं आणि सगळ्यांसमोर हातानं मोजलं. रंगवायला आलं तेव्हा अठ्ठावीस हात, आता साडेसत्तावीस, आणि एक टोक फाटलेलं. पाटील म्हणाला, उंदरानं खाल्लं. इन्स्पेक्टरनं उंदराबद्दल काही लिहून घेतलं नाही. रंगारी गल्लीबाहेरचं पाणी हवं म्हणून त्यानं पाटलाच्या विहिरीची एक घागर मागवली, पागोट्याचं टोक तीत बुडवलं आणि घागर उन्हात ठेवली.

दुपार कलेपर्यंत सगळे घागरीभोवती बसून होते. पाणी काचेसारखं नितळ. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते, बघ, आमच्या रंगाऱ्याचा रंग. पाटलानं मिशीवर हात फिरवला. इन्स्पेक्टरनं टाक शाईत बुडवला. तेव्हा रहेमतुल्ला ओरडला की साहेब, तुमची लोकर आणा. लोकर धनगराच्या घरून आली. आम्ल कुठून आणायचं? रहेमतुल्ला म्हणाला, चिंच आहे की. चावडीपुढं तीन धोंडे मांडून चूल झाली, घागरीतलं पाणी पातेल्यात ओतलं, चिंचेचं पाणी टाकलं, आणि त्यानं स्वतः काडीनं लोकर ढवळायला सुरुवात केली. जन्मभर रंग चढावा म्हणून ढवळलं, आज उतरलेला सापडावा म्हणून ढवळत होता आणि ओठांनी अल्लाचं नाव घेत होता. इन्स्पेक्टरनं घड्याळ पाहिलं. काडी वर आली. लोकर गुलाबी होती, नागपूरच्या धाग्याला धागा लावून बघितला तरी फरक नाही.

"उतरला!" रहेमतुल्ला नाचत सुटला. "साहेब, उतरला!"

त्याला कोणी साथ दिली नाही. एकानं हळूच डोक्यावरचं पागोटं काढलं आणि आतल्या बाजूनं पाहिलं. मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. तेव्हा कुठं रहेमतुल्लाच्या लक्षात आलं आपण काय ओरडतो आहोत, आणि त्यानं ढवळायची काडी खाली टाकली.

इन्स्पेक्टरनं पाटलाला बुचाबद्दल फैलावर घेतलं आणि रहेमतुल्लाला रीतसर दाखला लिहून दिला: सदरहू इसमाचा रंग कच्चा असल्याचे समक्ष सिद्ध झाले, सबब विहीर निर्दोष. खाली सही, शिक्का. वर तोंडी बजावलं की हा दाखला जपून ठेव. तुझा रंग कच्चा आहे तोवर विहीर सुटलेली आहे. उद्या तू रंग पक्का म्हणून विकायला लागलास, तर हा खुलासा रद्द आणि जुना अहवाल कायम. पाटलानं ते नीट ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी तो आपल्या विहिरीचं पाणी पोटभर प्यायला.

विहीर सुटली, कढया सुटल्या, आणि काम बंद पडलं. कच्चा रंग कोण घेतो? रहेमतुल्ला मोकळ्या कढयांकडे बघून चिडायचा, बुकीला शिव्या द्यायचा, सरवरीवर खेकसायचा. मग एके दिवशी त्यानं धनगराकडून लोकर आणली. बापाची तुरटी आणि हिरडा काढला, बुकी दोनदा उकळली, चिंधी रंगवून गोड्या पाण्यात महिनाभर ठेवली आणि ते पाणी लोकरीसकट चिंचेत शिजवलं. गुलाबी. पुन्हा केलं. फिकं गुलाबी. सरवरी म्हणायची, घरात खायला डाळ नाही आणि तुम्ही लोकर शिजवून राह्यले. आठव्या महिन्यात लोकर पातेल्यातून पांढरीस्वच्छ बाहेर आली. त्यानं ती डोळ्यांना लावली. आता त्याचा रंग खरोखर पक्का झाला होता, आणि ही गोष्ट तो एका माणसाला सांगू शकत नव्हता.

त्याच सुमाराला धामणगाव बढ्याचा उत्तमराव पोराच्या लग्नाची चार पागोटी घेऊन आला आणि रंग कसा आहे म्हणून विचारलं. शेजारी पाटील तंबाखू मळत बसलेला. रहेमतुल्लानं खाली बघून दाखला पुढे केला आणि कच्चा आहे म्हणून सांगितलं. उत्तमराव म्हणाला, सगळे रंगारी पक्का म्हणतात आणि घरी जाईपर्यंत मान गुलाबी होते. कच्चा म्हणणारा तूच पहिला भेटलास, तर रंगव. पागोटी रंगली आणि गेली.

साल उलटलं. वडनेरचा बाजार भरलेला होता. रहेमतुल्ला आणि सरवरी चार चिंध्या मांडून बसले होते, तोच उत्तमराव गर्दीतून तरातरा येताना दिसला, डोक्यावर तेच लाल. तो येऊन उभा राहिला आणि त्यानं अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"ह्या माणसानं मले फसवलं," तो म्हणाला. "कच्चा म्हनून सांगतलं. बायको भिऊन साल झालं धुवून राह्यली, बाकी कपड्यायपासून निराळं धुवून राह्यली, एक टिपूस उतरला नाही. पाहा लोकहो, हात लावून पाहा. असा रंग उभ्या वऱ्हाडात नाही."

लोक जमले. पागोटं हातोहात फिरलं, थुंकी लावून चोळलं, पाण्यात पिळलं. पलीकडे गुळाच्या दुकानापाशी भगवानराव पाटील उभा होता. तो वळला, आणि गर्दी बाजूला सारत सावकाश इकडे यायला लागला. सरवरीचं धाबं दणाणलं. तिनं नवऱ्याचा दंड धरला, त्याला गप्प करा, उतरते म्हना, काहीही सांगा, नाही तर विहीर गेली, कढया गेल्या. उत्तमराव ओरडतच होता, पक्का, पक्का. रहेमतुल्लाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"वरडू दे वं सरवरी," तो म्हणाला. "घडीभर वरडू दे त्याले."